चंदाबाईनं फोडलेलं लिव्हर

चंदाबाईनं बांबूच्या एका फटक्यात बाबुलालचं लिव्हर फोडलं, असं सावली गावच्या आठवडी बाजारात आजही सांगतात. सांगणारा तो बांबू किती जाड होता ते हातानं दाखवतो, आणि दर बाजाराला बांबू थोडा जाड होतो. मागच्या वेळी ऐकलं तेव्हा तो विजेच्या खांबाएवढा झाला होता. कांदेवाली बाई तर डोळे मोठे करून सांगत होती, "लिवर बाहेर येऊन पडलं होतं बाप्पा चिखलात. मांगूर मासा ते तोंडात धरून पळून राह्यला होता."

हे खोटं आहे. मी तिथे होते, हाकेच्याही आत. बांबू माझ्या मनगटाएवढा होता. पहिला फटका जबड्यावर बसला, दुसरा खांद्यावर. लिव्हर जिथे असतं तिथे, म्हणजे उजव्या बरगड्यांच्या खाली, बांबू पोचलाच नाही, कारण मधे बाबुलालची टोपली होती. बाबुलालचं लिव्हर गेलं मात्र होतं, जवळजवळ सगळं. ते कोणी घालवलं हे नीट सांगायचं तर अर्ध्या गावाला रांगेत उभं करावं लागेल. त्या रांगेत चंदाबाई आहे, पण बांबू घेऊन नाही.

चंदाबाई आमच्या भिंतीपलीकडे राहते. पन्नाशीची, बुटकी, मान जवळपास नाहीच, आणि नाक डावीकडे वळलेलं. ते नाक लहानपणी तिच्या सख्ख्या भावानं डोंग्याच्या वल्ह्यानं मोडलं होतं. तिनं त्याचा कान अर्धा तोडून हिशोब मिटवला. त्या नाकामुळे तिचा आवाज पोटातून निघतो आणि वरती येऊन फाटतो; मी तो नळावर आणि शाळेत काढून दाखवायचे. समोर बसलेल्या माणसाशीही ती तलावाच्या पलीकडच्या काठावर बोलावं तसं बोलते. देवाला नमस्कार करते तोही त्याच आवाजात, त्यामुळे तिनं देवाकडे काय मागितलं ते पूर्ण मोहल्ल्याला माहीत असतं.

ती मासे विकते. मांगूर लवकर मरत नाही, त्याला दगडावर आपटावं लागतं, आणि चंदाबाई आपटता आपटता गिऱ्हाईकाची विचारपूस करते. "पोट्टी सासरी बरी आहे नं तुही?" आपट. "सासू तरास तं नाई देत?" आपट. "दे म्हणा तिले माहा नमस्कार." आपट, आणि मासा गप्प. एकदा एक व्यापारी तराजूचं पारडं अंगठ्यानं दाबताना तिला दिसला. तिनं त्याचा हात धरून अख्खा पारड्यात ठेवला, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली आणि विचारलं, "ह्या हाताचं काय भावानं देतो?" तो हसला. हसायला नको होतं. त्याची बोटं अजून सरळ होत नाहीत.

बाजारात तिच्या शेजारी बाबुलाल बसायचा. तो पण आमच्याच गावचा, ढिवर मोहल्ल्यातला, तिच्यासारखाच तलावात आणि नदीत जाळं टाकणारा. उंच, वाळका, गालाची हाडं बाहेर. ती त्याला सुकट म्हणायची. तो तिला फुटकी ढोलकी म्हणायचा. दोघांचं रोज सकाळी सुरू व्हायचं ते मासे संपेपर्यंत.

"ए सुकट, तुहे मासे तुह्याकडे पाहून मेले वाटते."

"ए फुटकी ढोलकी, तू बोलली का माहा बर्फ वितळते. तोंड तिकडे कर."

लोक मासे घ्यायला यायचे की हे ऐकायला, सांगता यायचं नाही. घरीही थांबत नसत. बाबुलालचं घर चंदाबाईच्या मागच्या दाराला लागून. ती सकाळी राखुंडी लावता लावता ओरडायची, "सुकट, जित्ता आहे का मेला?" आणि तिकडून उत्तर यायचं, "तुले पोचवल्याशिवाय कुठी जातो." हा आमचा कोंबडा. यावर गाव उठायचं.

आता चिखलाचं सांगते, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्या गावाला मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव आहे. उन्हाळ्यात मच्छी सोसायटीनं आपली मासोळी काढून नेली की त्यात गुडघाभर पाणी आणि मांडीभर गाळ उरतो. मग एका सकाळी लच्छूभाऊ, जो आमच्याकडे अशा सगळ्या गोष्टींत मोठा आहे, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहून दुपट्टा फिरवतो आणि तलाव सगळ्यांना खुला होतो. त्याला आम्ही नुसतं चिखल म्हणतो. बाया, माणसं, पोट्टे, सगळे आत. ज्याच्या हातात जे येईल ते त्याचं. आणि हातात आलेलं हातातच राहावं म्हणून प्रत्येकाकडे बांबू.

नियम तीन आहेत. खाली पडलेल्याला मारायचं नाही. डोळ्यात गाळ फेकायचा नाही. आणि चिखलात लागलेलं घेऊन दवाखान्यात जायचं नाही. दवाखाना विचारतो कसं लागलं, मग पोलिसांना कळवतो, मग पोलीस येतात, मग तलाव बंद. एका गावाचा असाच कायमचा बंद झाला, असं लच्छूभाऊ दरवर्षी सांगतो. गावाचं नाव दरवर्षी वेगळं असतं.

मागच्या चिखलात बाबुलालनं बुड नसलेली टोपली गाळात दाबली आणि वरून हात घातला, तर आत मरळ होती, हातभर लांब. चंदाबाईचं म्हणणं, ती आधी आपल्या पायाला लागली, म्हणून आपली.

"हात काढ, सुकट."

"तुह्या पायाले तं गाळ बी लागला. तो बी घेऊन जा घरी."

तिनं टोपलीला हात घातला. बाबुलालनं टोपलीची कड वर उचलून तिच्या नाकावर मारली. ते मोडकं नाक, त्यातून रक्ताची पिचकारीच निघाली. चंदाबाईनं ओठावर आलेलं रक्त चाटून पाहिलं, भाजीत मीठ बरोबर आहे का बघावं तसं, आणि बांबू फिरवला. जबड्याचा आवाज सुक्या बांबूचं पेर फुटावं तसा आला. मी तो तोंडानं काढून बघितला आहे. जीभ टाळूला घट्ट चिकटवून एकदम सोडली की जमतो.

दुसरा फटका खांद्यावर बसला आणि बाबुलाल डोलायला लागला. त्यानं त्या सकाळी सात-आठ जणांची डोकी शेकली होती, ते सगळे जवळपासच होते. पडलेल्याला मारायचं नाही हा नियम सगळ्यांना पाठ असल्यामुळे तो पडायच्या आत जेवढं उरकता येईल तेवढं उरकायला ते धावले. पाठीवर, मांड्यांवर, कमरेत, धपाधप. शेवटी तो गाळात तोंडावर पडला आणि सगळे जिथल्या तिथे थांबले. नियम म्हणजे नियम. मरळ मधल्या मधे निघून गेली.

मार देऊन झाला की आमच्याकडे दुसरं काम असतं. ज्यानं मारलं त्यानं मार खाल्लेल्याच्या घरी जायचं. पूर्वी हळद-तेल घेऊन जात, वीट गरम करून शेकत. आता कोण वीट गरम करते? आता गोळ्या नेतात. आणि मार खाल्लेल्यानं ती गोळी आणणाऱ्याच्या समोर घ्यायची, म्हणजे मनात काही ठेवलं नाही असं होतं. नाही घेतली तर राग धरला असा अर्थ, आणि राग धरणाऱ्याला पुढच्या चिखलात जागा नाही.

बाबुलालला मारणारे किती होते ते सांगितलंच. त्याच्या बायकोनं, सोमारीनं, अंगणात चटई टाकली आणि माणसं येत राहिली, त्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. कोणी आलं नाही तर लच्छूभाऊ घरी जाऊन पाठवायचा. आलेला माणूस जाता जाता "उद्या बी घेजो" म्हणून बाकीची पट्टी ठेवून जायचा. बाबुलालला चावता येत नव्हतं, जबडा सुजून पपई झाला होता. भात नाही, भाकर नाही, नुसता चहा, आणि दुखणं फार झालं की मोहाची दारू. त्यावर गोळ्या. दुखलं की जी हाताला लागेल ती.

शेवटी चंदाबाई गेली. नाकात कापूस कोंबलेला.

"घे. दोन घे. माह्यासमोर."

"जहर असन तुह्या हातचं."

"जहर पैशानं भेटते. हे दवाखान्याच्या आशाताईनं फुकटात देल्ली."

त्यानं घेतल्या. ती उठली. झालं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी बाबुलालला उलट्या झाल्या. लोक म्हणाले, गाळाचं पाणी पोटात गेलं. मग जरा बरं वाटलं, तो भिंतीला टेकून बसला, दुखणं पण कमी आहे म्हणाला. लोक म्हणाले, पाहा, गोळ्यांनी काम केलं. त्याच्या पुढच्या सकाळी चंदाबाई मागच्या दारात राखुंडी लावत होती.

"सुकट, जित्ता आहे का मेला?"

तिकडून हळू आवाजात, "आहो बाई. तुमी कशा आहा?"

मी भिंतीच्या या बाजूला भांडी घासत होते. चंदाबाईचं बोट तोंडातच राहिलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दिव्यानी, हा मले तुमी म्हणून राह्यला." आणि काळी चूळ तिथेच थुंकून कुंपणावरून उडी मारून गेली. त्या वयाच्या बाईनं मारावी अशी उडी नव्हती ती.

बाबुलाल खाटेवर बसला होता. डोळ्यांचा पांढरा भाग बहाव्याच्या फुलासारखा पिवळा. चंदाबाईला बघून त्यानं हात जोडले. सोमारी रडत होती, म्हणाली, "रातीपासून असंच करून राह्यला. मले आई म्हणते."

"उचला याले," चंदाबाई म्हणाली. "सावलीच्या दवाखान्यात न्या."

एवढ्यात लच्छूभाऊ दारात आला. त्याच्यामागे मोहल्ल्यातले चार-सहा, सगळे दोन दिवसांपूर्वी गोळ्या आणणारे. लच्छूभाऊ सावकाश बोलतो, प्रत्येक शब्दानंतर थुंकी गिळतो.

"चंदाबाई. नियम. आहे. दवाखान्यात गेला, पोलीस आले, तं पोराबाळांचा चिखल बंद."

"अन् मेला तं?"

"मरत नाई. कावीळ आहे. झाडपाला देऊ."

"मेला तं कोणाच्या नावानं मरन? माह्या. बांबू कोणाचा होता? सरक."

लच्छूभाऊ सरकला नाही. चंदाबाईनं त्याच्या छातीत डोकं घातलं. बाकीचे धावले. त्या एवढ्याशा अंगणात चिखलापेक्षा मोठी मारामारी झाली, आणि इथे खाली पडलेल्याला न मारायचा नियम कोणाच्याच लक्षात नव्हता. चंदाबाईचे केस एकाच्या मुठीत, त्याची पोटरी चंदाबाईच्या दातात. सोमारी, जी आयुष्यात मोठ्यानं बोलली नाही, तिनं चुलीतलं जळतं लाकूड काढून लच्छूभाऊच्या पाठीला लावलं. तो ज्या सुरात ओरडला तो सूर मला अजून गाठता आलेला नाही. वाट मोकळी झाली.

श्रावणचा ऑटो नळाजवळ उभा होता. पण आता बाबुलालच जायला तयार नव्हता. तुमी-आमी संपलं होतं. तो चंदाबाईला ओळखत नव्हता, हात लावला की झोडपायचा. त्यानं तिच्या दंडाला चावा घेतला, मांस निघेल असा. तिनं दुसऱ्या हातानं वळचणीचं फेकायचं जाळं ओढलं, त्याच्या अंगावर टाकलं आणि शिसे लावलेली कड पायाखाली गुंडाळून घेतली. असा तो ऑटोत गेला, जाळ्यात, मरळीसारखा उसळत. मी त्याच्या पायांवर बसले, सोमारी डोक्याकडे, चंदाबाई मधे. श्रावण सारखा मागे वळून विचारायचा, "मेला तं नाई नं? सीट नवी आहे." चंदाबाईनं त्याच्या मानेवर एक दिली, मग त्यानं फक्त पुढे बघितलं.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी जबडा बघितला, पाठीवरचे वळ बघितले आणि विचारलं, हा मार कसा लागला? सोमारी खाली बघायला लागली. मी पण. ओपीडीत सावलीच्या बाजारातलं अर्धं गिऱ्हाईक बसलं होतं. चंदाबाई पुढे झाली आणि तलावापलीकडच्या आवाजात म्हणाली, "म्या मारलं. बांबूनं. लिवर फुटलं असन तं माह्यानंच फुटलं. लिहा."

तर ती अफवा इथून निघाली, तिच्याच तोंडून. कांदेवाली त्या दिवशी तिसऱ्या बाकावर बसली होती.

मॅडमनी सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. परत आल्या तेव्हा चालणं जलद झालं होतं. "लिव्हर कुठेही फाटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ते आतून मरतंय. यांनी काय खाल्लं? कोणती औषधं घेतली?"

"दुखाच्या गोळ्या," सोमारी म्हणाली.

"कोणत्या? किती?"

"जो ये तो दे. वेगवेगळ्या होत्या बाई. मले काय आठवते."

मला आठवत होतं. दोन दिवस मी नळावर तेच करत होते. एकेक जण गोळी घेऊन कसा आला, कसा बसला, काय बोलला, सगळं करून दाखवत होते, आणि बाया हंडे सोडून हसत होत्या. आता तेच मॅडमसमोर करायचं होतं. मी सगळ्यांत आधी आलेल्या झिंगूसारखी मान वाकडी केली.

"घे बाबुलालभाऊ, पांढऱ्या आहेत. पोट्टीच्या तापाच्या उरल्या होत्या."

"पॅरासिटामॉल," मॅडम म्हणाल्या.

मी वारलूसारखी छाती काढली. "हे लांबटी, आंगदुखीची स्पेशल. दोन घे, तुहं आंग मोठं."

"त्यातही पॅरासिटामॉल. पुढे."

कमळाबाई नाकात बोलते. "हे नारिंगी, सर्दीची होय, पण दुखण्याले बी चालते म्हणे."

"पॅरासिटामॉल."

धनराज बोलता बोलता हसतो. "पाण्यात टाकली का फसफसते, सोड्यावानी. जबड्याले तरासच नाई."

"पॅरासिटामॉल. अजून?"

अजून होते. मी एकेकाला आणत गेले आणि त्या एकच शब्द म्हणत गेल्या. कोणी हसलं नाही. शेवटी चंदाबाई राहिली. ती समोरच उभी होती. मी तिचाच आवाज काढला, फाटका, पण बारीक करून. "घे. दोन घे. माह्यासमोर."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. चंदाबाईनं कमरेची उरलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी ती उलटी करून वाचली आणि या वेळी तो शब्द म्हटलाही नाही.

तोपर्यंत नर्सनं सलाइन लावलं होतं, त्यात एक औषध सोडलं होतं आणि गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यासाठी गाडी मागवली होती. गाडी येईपर्यंत चंदाबाई मॅडमच्या टेबलापासून हलली नाही.

"गोळी जहर होती?"

"नाही. चांगली गोळी आहे. मापात घेतली तर लहान मुलांनाही देतो."

"मंग? मी दोन देल्ल्या. झिंगूनं दोन देल्ल्या. सगळ्यायनं दोन-दोनच देल्ल्या."

मॅडमनी ती पट्टी बाजूला ठेवली. त्या ब्रह्मपुरीकडच्या, त्यांनाही तलाव माहीत होते. "तुमच्या तलावाला पाट आहेत ना? आणि सांडवा?"

"आहे."

"पाऊस बेताचा झाला की पाणी कुठून जातं?"

"पाटानं."

"लिव्हरचं तसंच आहे. पोटात गेलेली गोळी लिव्हरमध्ये येते. तिथे दोन मोठे पाट आहेत. गोळीचा बहुतेक भाग त्या पाटांनी निघून जातो, काही नुकसान होत नाही. थोडंसं पाणी मात्र सांडव्यावरून जातंच. आणि या गोळीचं सांडव्यावरून गेलेलं पाणी म्हणजे विष. पण थोडं असतं, आणि सांडव्याखाली लिव्हरनं दगड टाकून ठेवलेले असतात, त्यावर त्याचा जोर मरतो. दोन गोळ्या घ्या, दिवसभरात अजून दोन घ्या, दगड पुरतात."

"अन् जास्ती घेतल्या तं?"

"पाट रुंद होत नाहीत. ते जेवढं नेतात तेवढंच नेतात. दुप्पट गोळ्या घेतल्या म्हणून दुप्पट पाणी पाटानं जात नाही, वरचं सगळं सांडव्यावर येतं. दगड वाहून जायला लागतात. लिव्हर नवे दगड अन्नातून बनवतं. यांनी काही खाल्लं होतं?"

"जबडा मोडला होता," चंदाबाई म्हणाली. आणि मग थांबून, "म्या मोडला होता."

"दारू?"

"मोहाची," सोमारी बोलली.

"रोज पिणाऱ्याचा सांडवा आधीच खोल कापलेला असतो, आणि दगड कमी. शेवटचा दगड गेला की पाळच कापली जाते. तोपर्यंत माणसाला काही कळत नाही. उलटी होते, मग बरंही वाटतं. आत फुटत असतं."

"मंग आता?"

"या बाटलीत दगड आहेत. टाकतोय. वेळेत पोचले तर पाळ राहील. लिव्हर परत वाढतं, तेवढं चांगलं आहे त्याचं. पण उशीर झालाय."

चंदाबाईनं सलाइनच्या बाटलीकडे असं बघितलं की ती जोरात ठिबकायला लागेल असं मला वाटलं.

गडचिरोलीला जाताना वैनगंगेच्या पुलावर बाबुलाल उठून बसला, सुई उपटली आणि सोमारीच्या तोंडावर बुक्की मारली. नर्सनं चंदाबाईला उतर म्हणून सांगितलं होतं, ती उतरली नव्हती म्हणून बरं झालं. ती त्याच्या छातीवर चढून बसली, दोन्ही मनगटं गुडघ्यांखाली घेतली आणि नर्सला म्हणाली, "लाव." नर्सनं पुन्हा सुई लावली. पूल संपेपर्यंत बाबुलाल खालून थुंकत होता आणि चंदाबाई पदरानं स्वतःचं तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा, अगदी शांतपणे.

मग तो गप्प झाला, आणि ते थुंकण्यापेक्षा वाईट होतं.

त्याला काचेच्या खोलीत ठेवलं. रक्त काढायचे, आकडे बघायचे, पुन्हा बाटली लावायचे. आम्ही बाहेरच्या फरशीवर. दवाखान्यानं कळवलं होतं, त्यामुळे एक हवालदार आला, लच्छूभाऊनं सांगितलं होतं तसाच. चंदाबाईनं त्यालाही म्या मारलं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मार खाणाऱ्याचा जबाब पाहिजे, तो शुद्धीवर आला की लिहू. "अन् नाई आला तं?" चंदाबाईनं विचारलं. हवालदार म्हणाला, "तर मग तुझं कलम बदलते बाई." ती हं म्हणाली. तिला कलमाचं काही पडलेलं दिसलं नाही. ती काचेतून बघत होती.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला आत सोडलं ती सकाळची वेळ होती. आकडे वाढायचे थांबलेत, पण माणूस अजून उत्तर देत नाही, म्हणाले, ओळखीचा आवाज ऐकवा. सोमारीनं हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. त्याची पापणी हलली आणि तो पुटपुटला, "हो आई." सोमारी भिंतीला धरून खाली बसली.

मी चंदाबाईच्या कानाशी म्हटलं, "चंदाबाई, हा गेला. हा आता काही तुले शिव्या देत नाई."

तिनं माझा दंड असा धरला की चार बोटं उमटली. "देईल."

"नाई देत."

"लाव पैज."

"कायची?"

"शिवी देल्ली का माहा आवाज काढणं बंद. पुढचा चिखल येईपर्यंत. नळावर नाई, शाळेत नाई, कुठी नाई."

"अन् नाई देल्ली तं?"

तिनं नाकातला कापूस आणखी आत ढकलला. मी हो म्हटलं. त्या वेळी मला वाटलं होतं, ही पैज जिंकण्यासारखी वाईट गोष्ट दुसरी नाही.

चंदाबाई खाटेजवळ गेली. वाकली. ओळखीचा आवाज ऐकवा म्हणाले होते, तिनं ऐकवला. अख्ख्या वॉर्डातले पेशंट दचकले, एका म्हाताऱ्याच्या हातातला ग्लास पडला.

"सुकट. जित्ता आहे का मेला?"

काही नाही.

"तुही टोपली म्या घेतली. मरळ बी धरली. खाल्ली. काटे तुह्या दारात टाकले."

बाबुलालच्या कपाळावर एक आठी पडली. मग दुसरी. डोळे उघडले, अजून पिवळेच होते. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग छताकडे, मग परत तिच्याकडे, एखादं जड ओझं कुठे ठेवावं हे शोधत असल्यासारखं. जबडा बांधलेला, ओठ फुटलेले. त्यातून हवा निघावी तसे शब्द आले.

"ह्या फुटक्या ढोलकीले... इथी कोणं घेतलं?"

सोमारी रडायला लागली. हवालदार धावत आत आला, वही काढली आणि घाईत विचारलं, "तुला कोणी मारलं? हिनं मारलं? बांबूनं?"

बाबुलालनं चंदाबाईला वरून खालपर्यंत बघितलं. त्याला बराच वेळ लागला.

"हे?" तो म्हणाला. "हे मले मारन? हिच्यानं मच्छर मरत नाई. म्या घसरलो गाळात. लिहा."

हवालदारानं वही मिटली. चंदाबाई माझ्याकडे वळली. नाकातला कापूस काळा पडला होता, चावलेला दंड सुजला होता, आणि ती हसत होती, सगळे दात दाखवून.

"हारली," ती म्हणाली.

बाबुलाल आता दारू पीत नाही, निदान सोमारीसमोर नाही. लच्छूभाऊनं यंदा पाळीवर सांगितलं आहे की गोळ्या न्यायच्या नाहीत, वीट गरम करायची. चिखलाला अजून वेळ आहे. आमच्या अंगणात कोणी लिव्हर फुटल्याची गोष्ट सांगायला लागलं की पोट्टे मला म्हणतात, दिव्यानी, चंदाबाईचा आवाज काढ नं. मी तोंड उघडते, भिंतीपलीकडे खाकरल्यासारखं ऐकू येतं, आणि मी तोंड मिटते. लिहायचं नाही असं काही पैजेत ठरलं नव्हतं.